बोर्नव्हिल : विश्वस्तांनी जपलेले गाव

बहुतेक गावे आपोआप वसतात. नदीचा काठ, किल्ल्याचा पायथा, बाजाराची पेठ किंवा एखादे तीर्थस्थान पाहून माणसे येतात, घरे बांधतात आणि शतकांच्या ओघात गावाला आकार येतो. काही थोडी गावे मात्र आधी कोणाच्या तरी मनात वसतात, मग कागदावर उतरतात आणि अखेरीस जमिनीवर उभी राहतात. कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभारलेली किर्लोस्करवाडी किंवा शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे वालचंदनगर ही महाराष्ट्राला ठाऊक असलेली अशी उदाहरणे होत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेस, एकेकाळी शेते आणि कुरणे असलेल्या भूमीवर वसलेले बोर्नव्हिल हे अशा गावांच्या मालिकेतील एक अग्रगण्य नाव आहे. ज्या बोर्नव्हिटाच्या डब्याने मराठी घरांतील दुधाच्या पेल्याला पिढ्यान्‌पिढ्या चव आणली, त्याचे नाव या गावावरूनच पडले आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

बोर्नव्हिलची सुबक घरे आणि बहरलेल्या बागा प्रसिद्ध आहेतच. परंतु या गावाच्या इतिहासातील खरा बोध त्याच्या सौंदर्यात नाही. ज्या कारखान्याच्या आश्रयाने हे गाव जन्मले, तो कारखाना पुढे परक्यांच्या हाती गेला. गाव मात्र गेले नाही. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका विश्वस्तपत्रापर्यंत मागे जावे लागते.

दुकानापासून कारखान्यापर्यंत

जॉन कॅडबरी या तरुणाने १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि पिण्याचा कोको विकण्याचे दुकान थाटले. कॅडबरी घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, सत्यवचन, युद्धविरोध आणि मद्यापासून दूर राहणे ही या पंथाची ओळख. प्रस्थापित चर्चशी न पटल्यामुळे इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांची दारे या मंडळींना दीर्घकाळ बंद होती. साहजिकच त्यांची बुद्धी आणि उद्यम व्यापाराकडे वळले. चहा-कोकोसारखी पेये लोकांना दारूपासून परावृत्त करतील, अशीही त्यांची श्रद्धा होती.

१८६१ मध्ये जॉन यांचे पुत्र रिचर्ड आणि जॉर्ज यांनी धंद्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा दुकानाला उतरती कळा लागली होती. रिचर्ड पंचविशीचे, तर जॉर्ज अवघे एकवीस वर्षांचे. आईकडून मिळालेला वारसा दोघांनी धंद्यात ओतला आणि काटकसरीने दिवस काढले. त्या काळी कोकोमध्ये बटाट्याचे पीठ, साबुदाणा असे पदार्थ सर्रास मिसळले जात. कोकोतील जादा स्निग्धांश दाबून काढणारे यंत्र हॉलंडमध्ये तयार झाले होते. जॉर्ज यांनी ते मिळवले आणि १८६६ मध्ये भेसळीविना शुद्ध कोकोची पूड बाजारात आणली. शुद्धतेच्या या आग्रहानेच धंदा सावरला.

धंदा वाढला तशी शहरातील जागा अपुरी पडू लागली. १८७८ मध्ये बंधूंनी शहराबाहेर सुमारे चार मैलांवर साडेचौदा एकर जमीन घेतली. आजूबाजूला शेते, कुरणे, झाडी आणि मधून वाहणारा बोर्न नावाचा ओढा. जवळून कालवा आणि लोहमार्ग जात असल्याने मालाची ने-आण सोपी होती. ओढ्याच्या नावाला फ्रेंच धाटणीचा ‘व्हिल’ हा प्रत्यय जोडून बोर्नव्हिल हे नाव सिद्ध झाले. कारण त्या काळी उत्तम चॉकलेट म्हणजे फ्रान्सचे, असा ग्राहकांचा समज होता. १८७९ मध्ये कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास मुख्य कामगारांसाठी सोळा घरे बांधण्यात आली. कारखान्याभोवती मैदाने आणि बागा होत्या. धुराड्यांच्या त्या युगात ‘बागेतला कारखाना’ ही कल्पनाच लोकांना नवलाची वाटली.

रविवारच्या शाळेने दिलेली दृष्टी

गाव वसविण्याची प्रेरणा मात्र कारखान्यातून आली नाही. जॉर्ज कॅडबरी तरुणपणापासून दर रविवारी भल्या पहाटे शहरात जाऊन प्रौढांच्या शाळेत शिकवीत असत. हा नेम त्यांनी सुमारे पन्नास वर्षे पाळला. अक्षरओळख नसलेले मजूर तेथे लिहायला-वाचायला शिकत. त्यांच्या घरी जाताना जॉर्ज यांनी बर्मिंगहॅमच्या गल्ल्या जवळून पाहिल्या. पाठीला पाठ लावून उभी असलेली घरे, मागच्या भिंतीला खिडकीच नाही, अनेक कुटुंबांत एकच नळ आणि एकच शौचकूप, असे तेथील जिणे होते.

या भेटींतून त्यांचे मत घडले. माणूस व्यसनी झाला म्हणून त्याचे घर बकाल होते, असे सुखवस्तू समाज समजत असे. जॉर्ज यांना उलटे दिसले. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरी ऊन, हवा, हिरवळ यांपैकी काहीच मिळत नसेल, तर तो गुत्त्याकडे वळणारच. उपदेशापूर्वी त्याला राहण्याजोगे घर हवे आणि मोकळ्या वेळी हात गुंतवायला मातीचा तुकडा हवा. दारूबंदीचा पुरस्कर्ता अशा रीतीने घरबांधणीकडे आला.

शेतजमिनीवर गाव

कारखान्याभोवतीच्या जमिनींवर लवकरच घरबांधणीच्या ठेकेदारांची नजर जाणार आणि ज्या गल्ल्या मागे टाकून आपण आलो त्याच येथे पुन्हा उभ्या राहणार, हे जॉर्ज यांनी ओळखले. १८९३ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने लगतची १२० एकर जमीन विकत घेतली आणि १८९५ पासून घरे बांधण्यास प्रारंभ केला. आराखड्याचे काम विल्यम अलेक्झांडर हार्वे या अगदी तरुण वास्तुकाराकडे सोपविण्यात आले.

हार्वे यांनी एकसारख्या घरांच्या रांगा टाळल्या. दोन-दोन किंवा चार-चार घरांचे गट, प्रत्येकाची ठेवण थोडी निराळी, रस्ते रुंद आणि दुतर्फा झाडे. मूळ शेतांमधील जुने वृक्ष शक्य तेथे तोडले नाहीत. रस्ताच वळवून घेतला. घराने आपल्या भूखंडाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापू नये, असा दंडक होता. रस्ते आणि खासगी बागा वगळूनही गावातील एक दशांश जमीन उद्याने व क्रीडांगणे यांसाठी राखून ठेवली जाई.

भाडेकरू राहावयास येण्यापूर्वीच त्याच्या परसातील जमीन खणून तयार केलेली असे आणि टोकाला सफरचंद, नासपती, अलुबुखार यांची झाडे लावलेली असत. पुढे फुले, मागे भाजीपाला, शेवटी फळझाडे, अशी ती योजना. कारखान्यात बसून किंवा उभ्याने काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी मातीत काम करावयास मिळावे, कुटुंबाला ताजी भाजी मिळावी आणि चार पैसेही वाचावेत, हा त्यामागील हेतू. लहान घरांत स्वतंत्र न्हाणीघर परवडत नसे. तेथे स्वयंपाकघरातच कपाटात उभे करून ठेवता येईल किंवा जमिनीखाली झाकून टाकता येईल, असे स्नानाचे टब बसविण्यात आले. कामगाराच्या घरात अंघोळीची सोय ही तेव्हा चैन समजली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पकतेचे मोल कळते.

एका अनुभवाने शिकविलेला धडा

आरंभीची सुमारे १४३ घरे जॉर्ज यांनी ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, जवळजवळ बांधणीच्या खर्चातच, लोकांना दिली. घर स्वतःचे असले की माणूस ते जपतो, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. घरांना मागणी वाढताच काही खरेदीदारांनी ती भरघोस नफ्याने विकून टाकली. गरजूंसाठी काढलेल्या योजनेतून सटोडियांची धन होऊ लागली.

येथे दोन मार्ग होते. एक, योजना गुंडाळून ठेवणे. दुसरा, सगळी घरे स्वतःच्या मालकीची ठेवून आपल्या मर्जीने भाड्याने देणे. बहुतेक कारखानदारांनी दुसराच मार्ग पत्करला असता. जॉर्ज यांनी तिसरा शोधला. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी विश्वस्तपत्र करून ३३० एकर जमीन आणि तीनशेहून अधिक घरे ‘बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट’च्या स्वाधीन केली. त्या क्षणापासून ही मालमत्ता त्यांची राहिली नाही, त्यांच्या मुलांची राहिली नाही आणि कॅडबरी कंपनीचीही राहिली नाही.

विश्वस्तपत्रातील तरतुदी आजही अभ्यासण्याजोग्या आहेत. भाड्याचे उत्पन्न कोणाच्याही खिशात न जाता दुरुस्तीसाठी आणि नवी घरे बांधण्यासाठीच वापरावयाचे. म्हणजे एका दानातून पुढची घरे आणि त्या घरांच्या भाड्यातून आणखी पुढची, अशी साखळी चालू राहावी. ट्रस्टच्या कारभारात कोणताही पंथभेद वा राजकीय पक्षभेद येऊ द्यावयाचा नाही. घर मिळण्यासाठी कॅडबरीचा नोकर असण्याची अट नाही. प्रारंभीच्या काळातही निम्म्याहून अधिक कुटुंबप्रमुख अन्यत्र काम करणारे होते. मद्यविक्रीला बंदी, मात्र सर्व विश्वस्तांनी एकमताने ठरविल्यास परवानगी देता येईल, आणि तशी दिल्यास त्यातील नफा लोकांना दारूपासून दूर नेणाऱ्या करमणुकीच्या साधनांवर खर्च करावा, अशीही तरतूद होती. पुढच्या पिढीचे हात बांधून न टाकता तिला दिशा दाखविण्याची ही दृष्टी विलक्षण म्हटली पाहिजे. पहिले विश्वस्त घरातीलच असले, तरी कालांतराने बर्मिंगहॅमची नगरपालिका, तेथील विद्यापीठ आणि क्वेकर समाज यांचे प्रतिनिधी विश्वस्त मंडळावर यावेत, हेही तेव्हाच ठरले होते.

गाव भरत गेले. मध्यभागी हिरवळीचा चौक झाला, प्रार्थनागृह झाले, १९०६ मध्ये शाळा सुरू झाली. शाळेच्या मनोऱ्यात जॉर्ज यांनी बेल्जियममधील ब्रूज येथे ऐकलेल्या घंटावाद्याच्या धर्तीवर घंटा बसविल्या. जवळच्या बोर्नब्रुक भागातील सेली मॅनर हे जुने लाकडी बांधणीचे घर पडावयास आले असता जॉर्ज यांनी ते विकत घेतले आणि त्याचे भाग सुटे करून गावात पुन्हा उभे केले. नव्या गावाला जुन्या काळाची आठवण असावी, हा त्यामागील विचार.

बागेवर पडलेली सावली

या इतिहासातील एक प्रकरण टाळून चालणार नाही. ज्या कोकोच्या उत्पन्नावर हे गाव उभे राहिले, त्यातील मोठा हिस्सा पश्चिम आफ्रिकेजवळील साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून येत असे. १९०१ मध्ये रिचर्ड यांचे पुत्र विल्यम कॅडबरी यांच्या कानी आले की, तेथील मळ्यांवर राबणारे मजूर नावाला करारबद्ध, प्रत्यक्षात गुलामच आहेत. विक्रीस निघालेल्या एका मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत मजुरांचीही नोंद केलेली त्यांच्या पाहण्यात आली.

कंपनीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांकडे प्रयत्न चालविले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट या गृहस्थांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी बेटे आणि अंगोला पाहून दिलेल्या अहवालाने वाईटातील वाईट शंका खऱ्या ठरल्या. तरीही खरेदी थांबण्यास मार्च १९०९ उजाडावा लागला. गिऱ्हाईक म्हणून राहिलो तरच सुधारणेसाठी दबाव आणता येईल, अशी कॅडबरींची भूमिका होती. टीकाकारांना तो सोयीचा युक्तिवाद वाटला. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने दांभिकतेचा आरोप केला, तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मात्र ज्यूरीने भरपाई ठरविली ती फक्त एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. कायद्याने जिंकूनही नैतिक पारड्यात काय पडले, हे त्या पाव पेनीने सांगितले.

स्वतःच्या कामगारांसाठी झाडे लावणाऱ्या माणसांना समुद्रापलीकडच्या मजुराकडे वळण्यास आठ वर्षे लागावीत, हा बोर्नव्हिलच्या इतिहासातील सर्वांत बोचरा प्रश्न आहे. दान कोठे केले याइतकेच धन कोठून आले हेही पाहावे लागते, याची ती कायमची आठवण होय.

घरच्या अंगणातही उणिवा होत्या. घरे उत्तम असल्याने त्यांची भाडी अगदी गरीब मजुराला परवडत नसत; कसबी कारागीर आणि कारकून यांनाच त्यांचा लाभ अधिक झाला. कारखान्यातील मुलींना विवाहानंतर नोकरी सोडावी लागे. भाडेकरूंना आरोग्याचे नियम छापून दिले जात आणि चहाच्या पानांवर पाणी तीन मिनिटांहून अधिक ठेवू नये, इतका बारीक उपदेश त्यांत असे. वडीलधाऱ्याच्या मायेत वडीलधाऱ्याचा धाकही मिसळलेला होता. तरीदेखील परिणाम नाकारता येत नाहीत. बोर्नव्हिलमधील बालमृत्यूचे प्रमाण शहरापेक्षा पुष्कळ कमी राहिले आणि येथील मुले बर्मिंगहॅमच्या फ्लडगेट स्ट्रीटसारख्या दाट वस्तीतील मुलांपेक्षा उंचीने व वजनाने सरस भरली. ऊन, हवा आणि भाजीपाला यांचा हिशेब मुलांच्या हाडांत उमटला होता.

दूरवर पोहोचलेला सुगंध

सप्टेंबर १९०१ मध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या उद्याननगर संघाची परिषद बोर्नव्हिल येथे भरली. हॉवर्ड यांची कल्पना तोवर कागदावर होती. येथे आलेल्या प्रतिनिधींना ती चालती-बोलती दिसली. दोनच वर्षांनी लेचवर्थ या पहिल्या उद्याननगराचा आरंभ झाला. पुढे जगभरच्या नगररचनेवर या विचारांची छाया पडली.

भारताशीही या परिसराचा स्नेह जडला. बोर्नव्हिलजवळील वुडब्रुक हे आपले पूर्वीचे घर जॉर्ज यांनी क्वेकर अभ्यासकेंद्रासाठी दिले आणि १९०३ मध्ये ते केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर तेथे राहिले. ऑक्टोबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या धामधुमीत, महात्मा गांधी वुडब्रुकला येऊन गेले. गांधीजींचे स्नेही हॉरेस अलेक्झांडर तेथेच अध्यापन करीत. धनवानाने स्वतःला संपत्तीचा मालक न समजता विश्वस्त समजावे, हा विचार गांधीजी स्वतंत्रपणे मांडीत आले होते. त्याचे एक मूर्त रूप त्यांच्या मुक्कामापासून थोड्याच अंतरावर उभे होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, कॅडबरी कंपनी मुंबईत आली आणि ठाण्याच्या तर एका चौकालाच लोक कॅडबरीच्या नावाने ओळखू लागले.

काळाची परीक्षा

जॉर्ज कॅडबरी २४ ऑक्टोबर १९२२ रोजी निवर्तले. त्यांच्यासारखीच स्वप्ने इतर कारखानदारांनीही पाहिली होती. यॉर्कशायरमध्ये टायटस सॉल्ट यांनी गिरणीसाठी सॉल्टेअर हे देखणे गाव वसविले. परंतु ते गिरणीच्या मालकीचे राहिले आणि १९३३ मध्ये त्यातील घरे विकली गेली. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन यांनी रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांसाठी आदर्श नगर उभारले. १८९४ मध्ये वेतन कापले, पण घरभाडे कमी केले नाही, तेव्हा ऐतिहासिक संप झाला आणि १८९८ मध्ये न्यायालयाने कंपनीला नगर विकण्याचा आदेश दिला. दोन्ही ठिकाणी रोजगार देणारा आणि छप्पर देणारा हात एकच होता. तो हात आखडला की दोन्ही गोष्टी एकदम डळमळल्या.

बोर्नव्हिलची परीक्षा २०१० मध्ये झाली. अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांना कॅडबरी विकत घेतली. इंग्लंडभर हळहळ व्यक्त झाली. परंतु त्या व्यवहारात बोर्नव्हिलची ट्रस्टची घरे, उद्याने, झाडे यांतले काहीही विक्रीला नव्हते. कारण ते विकण्याचा अधिकार एकशेदहा वर्षांपूर्वीच एका माणसाने स्वतःच्या हाताने सोडून दिला होता. भागधारक बदलले, फलक बदलले. भाडेकरूच्या परसातले सफरचंदाचे झाड जागेवर राहिले.

काळाबरोबर काही गोष्टी बदलल्याही. २०१५ मध्ये गावातील एका छोट्या दुकानाला महापालिकेने मद्यविक्रीचा परवाना दिला आणि शतकाहून जुन्या परंपरेला छेद गेला. अनेक रहिवाशांनी विरोध केला, तो मानला गेला नाही. वुडब्रुकचे वास्तव्यकेंद्रही २०२३ मध्ये बंद झाले. ट्रस्टचे कार्य मात्र विस्तारत गेले. ३३० एकरांची बोर्नव्हिल वसाहत सुमारे हजार एकरांपर्यंत पोहोचली आणि श्रॉपशायरमधील लाइटमूर येथे नवे गाव वसविण्यातही ट्रस्टने पुढाकार घेतला.

संस्था स्थापन करणारे पुष्कळ असतात. आपल्यामागे ती टिकावी म्हणून तिच्यावरचा आपला हक्क वेळीच सोडणारे थोडे. जॉर्ज कॅडबरी यांनी शेतजमीन घेतली तेव्हा ते मालक होते, घरे बांधली तेव्हा दाते होते. परंतु १९०० च्या त्या डिसेंबरात त्यांनी सही केली, तेव्हा कुठे बोर्नव्हिल खऱ्या अर्थाने गाव झाले.